बाबांबद्दलचे प्रश्न, आणि ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता’

मुलांच्या वाढीचं आणि विकासाचं काम बघणारी डॉक्टर म्हणून मला येणाऱ्या प्रश्नांत हल्ली बाबांचा विषय सारखा येतोय आणि गोंधळही तोच तोच, म्हणून यावेळी सगळे एकत्र घेतलेत.

प्रश्न: बाळ दीड महिन्याचं आहे. मी अंघोळ घातली तर चालेल का? घरचे म्हणतात मालिशवाल्या मावशीच येऊ देत. (एक बाबा, सिंहगड रोड, पुणे)

चालेल. पाणी कोपर बुडवून बघा, मानेखाली हात ठेवा, नाका-कानात तेल सोडू नका. हे मावशींनाही सांगा.

प्रश्न: पॅटर्निटी लीव्ह कायद्याने किती मिळते?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस, पहिल्या दोन मुलांसाठी, बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत घ्यायची. प्रायव्हेटमध्ये असा कायदाच नाही. आईला २०१७ पासून २६ आठवडे आणि बापाला कंपनीची मर्जी, हे मला अजिबात पटत नाही. एचआरला डिलिव्हरीच्या आधीच लेखी विचारा.

प्रश्न: मुलगा सव्वादोन वर्षांचा, आई, बाबा, पाणी एवढंच बोलतो. सासूबाई म्हणतात याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला, मुलगे उशिराच बोलतात. मिस्टरही दाखवायला नको म्हणतात. थांबू का? (वाकड)

थांबू नका. आणि हे उत्तर मिस्टरांना वाचायला द्या, ते त्यांच्यासाठीच आहे.

दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द आणि ‘बाबा ये’, ‘दूदू दे’ अशी दोन शब्दांची जोडी यायला हवी. मुलगे मुलींपेक्षा किंचित मागे असतात हे खरं, पण किंचितच, वर्षभर नाही. बाप उशिरा बोलला असेल तर उलट लवकर दाखवायला हवं, कारण उशिरा बोलणं घराण्यात चालत येऊ शकतं. आधी कानांची नीट तपासणी करा. मागून टाळी वाजवली आणि पोरगं वळलं म्हणजे ऐकू येतं असं नसतं, काही मुलांना ठरावीक आवाजच ऐकू येत नाहीत. मग हाक मारल्यावर बघतो का, हवं ते बोटाने दाखवतो का, हे मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर बघतील. काही निघेलच असं मी म्हणत नाहीये, पण निघालं तर थेरपी जितकी लवकर तितका फायदा जास्त, आणि गेलेले महिने परत मिळत नाहीत. वेखंड चाटवा, पोपटाचा उष्टा पेरू द्या, हे बंद करा, वेखंड जास्त गेलं की पोरं उलट्या करतात. खर्चाची अडचण असेल तर औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातला उशीर तपासतात.

मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो की आई कित्येक महिने सांगत असते, व्हिडिओ काढून दाखवत असते आणि बाप ‘काही झालेलं नाही त्याला’ म्हणून विषय बंद करतो. बाबा, तुमच्या शब्दाला घरात वजन आहे ना, मग ते अपॉइंटमेंट घ्यायला वापरा. हिंजवडीच्या ऑफिसातून रात्री नऊला येत असाल तर तेव्हा मुलगा झोपलेला असतो, मान्य, मग सकाळचं दात घासणं, दूध, बूट घालणं तुमच्याकडे घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून त्याच्याशी बोला. आईला त्याचं अर्धं बोलणं न सांगता कळतं, तुम्ही ‘काय हवंय?’ विचारता तेव्हा त्याला शब्द शोधावा लागतो, आणि तो शोधणं त्याच्या उपयोगाचं आहे. टीव्ही-मोबाईल तासाच्या आत, जितका कमी तितका बरा. पण हे सगळं तपासणीसोबत करा, तिच्याऐवजी नाही.

प्रश्न: सोसायटीत बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू आणि बाप-लेकाचं नातं सांगणारी टेस्ट आलीये. करू का?

नको. त्याला शास्त्रीय आधार नाही, नुसता धंदा आहे. त्या पैशात चांगल्या समुपदेशकाकडे जा.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा, मागच्या वर्षी त्याचे वडील गेले. नातेवाईक म्हणतात बापाविना पोरगा वाया जातो. (धनकवडी)

ताई, असं काही ठरलेलं नसतं. उणीव मात्र खरी आहे, त्याला बाबांबद्दल बोलू द्या, त्यांचे फोटो लपवून ठेवू नका. नियमित भेटणारा आणि दिलेला शब्द पाळणारा एखादा मोठा माणूस आसपास असला की खूप मदत होते, मामा, आजोबा, कबड्डीचे सर, कुणीही. फक्त ‘आता तूच घरातला पुरुष’ हे त्याला कुणालाही म्हणू देऊ नका, नऊ वर्षांच्या मुलावर ते फार मोठं ओझं आहे. सारखी पोटदुखी, शाळेला नकार, रात्री दचकून उठणं असं चालू असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा, वार्षिक परीक्षा होऊ दे मग बघू असं नको.

प्रश्न: बाळ तीन महिन्यांचं. मलाच झोप नाही, चिडचिड होते, बाळाला घ्यावंसं वाटत नाही. बायकोला सांगायची लाज वाटते.

लिहिलंत हे फार बरं केलंत. बाळ झाल्यानंतरचं नैराश्य बापांनाही येतं, साधारण दहातल्या एकाला, आणि ते उपचाराने बरं होतं. टेली मानसचा १४४१६ नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, पण मानसोपचारतज्ज्ञांची वेळही याच आठवड्यात घ्या. स्वतःला किंवा बाळाला काही करून बसेन असा विचार डोक्यात आला तर वेळ बघू नका, बाळ घरच्यांकडे देऊन कुणाला तरी सोबत घेऊन सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. बायकोला आजच सांगा, तिचीही हीच अवस्था असू शकते, आणि चौदा आठवड्यांच्या लसीला दोघं मिळून जा आणि बाळाच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला.