.२२ चं नवं छोटं पिस्तूल: काडतूस कोणतं चालेल?

भाऊ, तुम्ही विचारलं की नवं .२२ एलआरचं (लाँग रायफल, हा काडतुसाचा प्रकार) छोटं ऑटो पिस्तूल मॅचच्या, म्हणजे नेमबाजी स्पर्धेच्या, महागड्या काडतुसांवर अडकते अन् स्वस्तातल्यांवर धडाधड चालते, हे काहून? आणि तपासणी वावरातच केली तर जमेल का?

वावराचं आधी निकालात काढतो. नाही जमत. ही गोळी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, अन् धुऱ्यापलीकडे कपाशीत कोण निंदते आहे ते तुम्हाला दिसत नाही. निष्काळजी गोळीबारामुळे कोणाच्या जिवाला धोका झाला तर शस्त्र कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. रेंज लांब पडली तरी रेंजवरच जा.

आता मुद्द्याचं. तुमच्या पिस्तुलाची स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ढकलायला काडतुसाचा दाब सोडून दुसरं काही नाही. मॅचचं काडतूस मुद्दाम संथ बनवतात, ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर. हाय व्हेलॉसिटीवाली, म्हणजे जास्त वेगाची, ३८० च्या आसपास. त्यातही खोक्यावरचा आकडा बहुतेक रायफलच्या लांब नळीतला असते, तुमच्या चार बोटं नळीतून कमीच भरते. नवी स्प्रिंग कडक, जोर अपुरा, मग रिकामी पुंगळी अर्धवट बाहेर येऊन स्लाईडमध्ये उभीच अडकते. म्हणजे महाग काडतूस खराब नाही, ते या पिस्तुलासाठी नाही. काहीशे गोळ्या झाल्यावर स्प्रिंग थोडी सैल होते, तेव्हा तेच पुन्हा लावून बघा. पण कंपनीच्या पुस्तिकेत जे वापरू नका म्हटलं असेल, ते नाहीच वापरायचं.

लायसनवरचा कोटा जपून वापरायचा म्हणून प्रत्येक प्रकाराचं ५० चं एकच खोकं घ्या. आधी फक्त चालते का ते पाहा, ग्रुप (गोळ्या टार्गेटवर किती जवळजवळ बसतात ते) नंतर. काडतूस बदललं की पहिल्या काही गोळ्या ग्रुपात धरू नका. नळीत आधीच्या गोळीचं मेण बसलेलं राहते.

कुठं अडकलं ते लिहून ठेवा, खरी माहिती तिथंच आहे. ठोका पडला पण वाजलं नाही, तर तोंड टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग काढा. .२२ हे रिमफायर, म्हणजे कडेवर ठोका बसून वाजणारं काडतूस; त्यात बारूद पेटवणारा मसाला कडेत फिरवलेला असते, एखाद्या जागी कमी पडते. हे काडतुसाचं दुखणं. ठोकाच हलका दिसला तर पिस्तुलाचं. आणि आवाज नुसता ‘फुस्स’ आला तर पुढची गोळी अजिबात झाडायची नाही, पिस्तूल रिकामं करून नळी तपासायची. गोळी आत अडकलेली असू शकते, बापा.

मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे. मागे राहिली की कडेत कड गुंतते अन् लोक काडतुसाला शिव्या देतात.

शिसं हाताला लागते, खर्रा घोटायच्या आधी साबणाने हात धुवा. उन्हाळ्यात खोकं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

दोन मॅगझिन असतील तर त्यांना नंबर टाका. अडकणं एकाच नंबरात होत असेल, तर काडतुसं बदलत बसू नका. पुढच्या वेळी पुंगळीच्या कडेवरच्या ठोक्याचा जवळून फोटो टाका, मग सांगतो.