ओढा शेजारी आहे म्हणून काय झालं!

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही पाच मैत्रिणी चार रात्री तंबूत राहणार आहोत. मी आजवर एकही दिवस अंघोळ चुकवलेली नाही, त्यामुळे सगळ्या मला आत्तापासूनच चिडवतायत. तंबूजवळ ओढा आहे. निसर्गात विरघळणारा साबण आणून ठेवलाय, तो लावून ओढ्यात अंघोळ केली तर चालेल ना? शिवाय पाळीही नेमकी त्याच दिवसांत येईलसं दिसतंय. जाऊ की नको?

उत्तर : जा, खुशाल जा. साबण मात्र ओढ्यात नेऊ नकोस, मग बाटलीवर हिरवं पान छापलेलं असो नाहीतर अख्खं झाड. हा साबण विरघळवायचं काम मातीतले जिवाणू करतात. पाण्यात तो लवकर विरत नाही आणि तिथल्या जिवांना व्हायचा तो त्रास होतोच. तेव्हा पाणी भरून घे, ओढ्यापासून साठेक मीटर, म्हणजे साधारण ८० पावलं लांब जा आणि काय धुवायचं ते तिथे धू. भांड्यांनाही हाच नियम.

अंघोळीचं म्हणशील तर ती लिटरभर पाण्यात होते. हसू नकोस, मी कित्येक वर्षं करतेय. पातेल्यात कोमट पाणी आणि दोन पातळ सुती रुमाल, एक ओला, एक कोरडा. आधी चेहरा, मग मान, काखा, छातीखालचा घामट भाग, जांघा आणि सगळ्यात शेवटी पावलं. क्रम उलटलास तर पावलांची माती तोंडाला लागलीच म्हणून समज. साबण काखा-जांघांपुरता, थेंबभर, आणि तोही ओल्या रुमालाने दोनदा पुसून काढायचा. राहिलेला साबण आणि घाम मिळून चालताना जांघा सोलून काढतात. पाठ राहून जाते. राहू दे. मळक्या पाठीने कुणी आजारी पडलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

हातांनी पडलेले मात्र पाहिलेत. माझ्या अगदी सुरुवातीच्या एका कॅम्पला आम्ही सहाजणी होतो. रोज अंग पुसणं, वेण्या, सगळं टापटीप. आणि सुक्यामेव्याची पिशवी एकच, तिच्यात सहाजणींचे हात. तिसऱ्या रात्री चौघींची पोटं बिघडली. माझा संशय अजूनही त्या पिशवीवरच आहे. चालू टॉर्च दोन, शौचाचा खड्डा खणायला खुरपं एक. पुढचं सांगत नाही. सॅनिटायझर प्रत्येकीच्या खिशात होतं, बरं का! पण ते किमान ६० टक्के अल्कोहोलचं असलं तरी मातीने किंवा तेलाने माखलेल्या हातांवर नीट चालत नाही, आणि उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर तर त्याचा फारसा भरवसाच नाही. साबण-पाण्याने २० सेकंद हात चोळणं याला पर्याय नाही. रिकाम्या बाटलीच्या झाकणाला तापल्या सुईने तीन-चार भोकं पाड, बाटली भरून फांदीला उलटी टांग, साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून शेजारी बांध. नळ तयार. आणि खाऊ पिशवीत हात घालून घ्यायचा नाही, दुसरीने तळहातावर ओतायचा.

पाळीसाठी जे नेहमी वापरतेस तेच ने. पाळीचा (मेन्स्ट्रुअल) कप पहिल्यांदा वापरून बघायची ही जागा नव्हे. सवयीचा असेल तर तो हाताळण्याआधी हात धू, आणि कप धुवायला उकळून गार केलेलंच पाणी घे. पाणी खळखळ उकळायला लागल्यावर एक मिनिट पुरतं, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. पॅड पुरायचे नाहीत, जाळायचेही नाहीत. जनावरं उकरून काढतात आणि शेकोटीत ते पुरते जळत नाहीत. घट्ट बंद होणाऱ्या जाड, काळ्या पिशवीतून ते घरी परत. ओले वाइप्सही त्याच पिशवीत, त्यांत बहुधा प्लॅस्टिकचे धागे असतात. शौचासाठी मात्र खड्डाच : पाणी, वाट आणि तंबू या तिन्हींपासून लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल, नंतर मातीने बुजवलेला.

झोपायचे कपडे आणि मोजे वेगळे ठेव, त्यांत स्वयंपाक नाही की चालणं नाही. रात्री पावलं बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडी करून मगच ते मोजे चढव.

आणि पाचजणी आहात ना? खुरपी दोन न्या.