यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. लिनक्स (सर्व्हर चालवणारी कार्यप्रणाली) प्रशासनाचे एकच प्रमाणपत्र घेता येईल एवढेच पैसे हाताशी आहेत, तेव्हा पर्याय निवडून उत्तरे देण्याची एलपीआयसी-1 द्यावी की प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवण्याची रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए, असे तू विचारले आहेस. माझे मत आरएचसीएसएच्या बाजूने आहे. मात्र 'पर्यायांची परीक्षा म्हणजे नुसती घोकंपट्टी' हे जे तू गृहीत धरले आहेस ते मला मान्य नाही.

एलपीआयसी-1 साठी 101 आणि 102 अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्येकीत 60 प्रश्न आणि 90 मिनिटे असतात; काही प्रश्नांत तर पर्याय नसून आज्ञाच टंकित करायची असते. लिनक्सच्या डेबियन आणि रेड हॅट या दोन्ही घराण्यांतील पॅकेज-व्यवस्था (सॉफ्टवेअर बसवण्याची पद्धत), छपाई, ई-टपालसेवेची तोंडओळख असा मोठा पट त्यात येतो. आरएचसीएसए देऊन नोकरीला लागलेला मुलगा पहिल्याच दिवशी डेबियन घराण्यातल्या उबुंटूचा सर्व्हर पाहून गोंधळलेला मी पाहिला आहे. तेव्हा परीक्षा एक दिलीस तरी अभ्यासक्रम दोन्हींचे वाच. ते जाहीर असतात आणि वाचायला पैसे पडत नाहीत.

आता आरएचसीएसएविषयी. तिथे प्रश्न नसतात, कामे असतात. इंटरनेट नसते, पण यंत्रातली मॅन पाने, म्हणजे आज्ञांची माहितीपाने, उघडता येतात. 300 पैकी 210 गुण मिळाले की उत्तीर्ण. या परीक्षेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिची एक अट: तू केलेली सारी मांडणी यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर, कोणीही हात न लावता, टिकली पाहिजे. सेवा 'स्टार्ट' केली पण 'इनेबल' केली नाही, म्हणजे बूट होताना आपोआप सुरू होईल अशी ठेवली नाही, फायरवॉलचा नियम 'पर्मनंट' न लिहिता घातला, एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेचा बूलियन (चालू-बंद पर्याय) बदलताना तो बदल कायम करणारा '-पी' राहून गेला, तर त्या क्षणी सर्व काही सुरळीत चालताना दिसते आणि रीबूट झाले की नाहीसे होते. हाच '-पी' चार पर्यायांत दिसला असता तर तू तो बिनचूक ओळखला असतास. समोर आलेले ओळखणे आणि न विचारता आठवणे यांत जे अंतर आहे, ते ही अट उघडे पाडते.

हे मी नोकरीत शिकलो. दुसऱ्या वर्षी एका सर्व्हरला नवी डिस्क जोडली, ती हाताने माउंट केली (वापरासाठी जोडली) आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटच्या वेळी जोडायच्या डिस्कच्या यादीत, तिचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) लिहिताना एक अक्षर चुकवले. चार महिने कोणालाच काही कळले नाही. मग एका रात्री सहकाऱ्याने नव्या कर्नलसाठी (प्रणालीच्या गाभ्यासाठी) यंत्र रीबूट केले आणि ते इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबले. बिचारा पहाटेपर्यंत नव्या कर्नललाच दोष देत बसला होता. ओळ लिहिल्यावर डिस्क एकदा अनमाउंट करून यादीतल्या सगळ्या डिस्क जोडणारे 'माउंट -ए' चालवले असते, तर चूक तिथल्या तिथे सापडली असती.

तरीही या परीक्षेविषयी भाबडा राहू नकोस. कामाची अंतिम स्थिती तपासली जाते; तू तिथवर विचार करून पोहोचलास की पाठ केलेल्या आज्ञा ओळीने टाकल्यास, हे तिला दिसत नाही. ठरावीक वीस-पंचवीस कामे महिनाभर गिरवून उत्तीर्ण झालेले लोक आहेत. ती बोटांची घोकंपट्टी म्हणायची. 'डम्प', म्हणजे फुटलेले प्रश्न, विकत घेणाऱ्यांविषयी तर मी लिहीतच नाही.

तयारीसाठी अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सची दोन आभासी यंत्रे उभी कर. दोन्ही फुकट आहेत आणि रेड हॅटच्या अगदी जवळची आहेत. प्रत्येक काम झाले की रीबूट कर आणि मगच वहीत बरोबरची खूण कर. बूट मध्येच थांबवून रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड बदलण्याचा सराव करताना ऑटोरीलेबलची (फायलींना एसईलिनक्सच्या खुणा पुन्हा लावण्याची) पायरी एकदा मुद्दाम गाळ. योग्य पासवर्ड देऊनही यंत्र आत का घेत नाही, हे स्वतः शोध. मॅन पानांतून उदाहरणे काढण्याची सवय लाव. नेटवर्कसाठी 'एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स' नावाचे पानच आहे, ते फारसे कोणी उघडत नाही. आणि प्रत्येक आज्ञेपुढे ती का वापरली हे एका वाक्यात लिही, कारण ते तुला कोणतीच परीक्षा विचारणार नाही. मुलाखतीत मात्र मी विचारतो.

परीक्षेची तारीख घेण्याआधी एका रविवारी घरी ये. माझ्याकडे एक जुना डेस्कटॉप आहे, त्यात तीन बिघाड करून ठेवतो. कोणते ते सांगणार नाही.

तुझा,
दादा