सौंदर्याविषयी वाद घालण्यात काही अर्थ आहे का?

आपण विचारले आहे की, एकाला जे सुंदर वाटते ते दुसऱ्याला वाटत नाही, तर सौंदर्याविषयी वाद घालायचाच कशाला? आपण ख्याल ऐकत बसता, मेहुणे त्याला ‘आलापांचा रतीब’ म्हणतात आणि शेवटी घरातले कोणीतरी ‘भिन्नरुचिर्हि लोकः’ असे म्हणून विषय मिटवते, असेही आपण लिहिले आहे. माझ्या मते या वादाला अर्थ आहे. मात्र तो ज्या रीतीने घातला जातो, त्या रीतीने तो बहुधा निकाली निघत नाही.

आधी त्या वचनाविषयी. ते कालिदासाचे आहे आणि आपण त्याचे शेपूट तेवढे वापरतो. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीचे स्वयंवर चालू आहे. अंगदेशाच्या राजाचे वर्णन ऐकून झाल्यावर ती त्याच्यावरची नजर काढून घेते आणि बरोबरच्या सखीला ‘चल’ एवढेच म्हणते. त्यावर कवी सांगतो की, तो राजा स्पृहणीय नव्हता असे नाही, आणि तिला नीट पारखता येत नव्हते असेही नाही. लोकांच्या आवडी वेगवेगळ्या असतात, इतकेच. म्हणजे ज्या वचनाने आपण गुणदोषांची चर्चा बंद करतो, त्याच ओळीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत: समोरच्या वस्तूत खरोखरच काही गुण असू शकतो, आणि ‘नीट पाहणे’ नावाची क्षमता असते, जी कोणात असेल, कोणात नसेल. या दोन्ही गोष्टी मान्य केल्यानंतर जे उरते ते रुचीचे. आपण मात्र पहिल्या दोन गोष्टी गाळून थेट तिसरीवर येतो.

हा भेद आपल्या व्याकरणातही मुरलेला आहे. ‘आवडणे’ हे क्रियापद कोणाला तरी चिकटल्याशिवाय उभेच राहत नाही. मला आवडते, आईला आवडते. ‘हे आवडते’ एवढेच कोणी म्हटले तरी त्यातला ‘मला’ आपण मनात भरून घेतो. उलट ‘हे मला सुंदर आहे’ असे मराठीत म्हणताच येत नाही. ‘मला सुंदर वाटते’ असे म्हणता येते, पण त्या ‘वाटते’मध्ये एक सावधपणा आहे, ‘मला वाटते दार उघडे आहे’ यात जितका आहे तितकाच. दार खरोखर उघडे आहे की नाही, हा प्रश्न त्याने संपत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1790 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये नेमका हाच भेद पायाशी घेतला आहे. कॅनरी बेटांवरची वाइन रुचकर आहे असे कोणी म्हटले आणि दुसऱ्याने ‘तुम्हाला रुचकर लागते असे म्हणा’ अशी दुरुस्ती सुचवली, तर पहिला ती बिनतक्रार स्वीकारतो. पण ‘ही वास्तू माझ्यापुरती सुंदर आहे’ असे म्हणणारा माणूस कांटला हास्यास्पद वाटतो. वस्तूला सुंदर म्हणताना आपण आपल्या सुखाची नुसती नोंद करत नाही, तर इतरांनीही तिथे तसेच सुखावावे अशी मागणी करतो. ही मागणी तर्काने सिद्ध करून दाखवता येत नाही, आणि तरीही आपण ती सोडत नाही. कांटचा सगळा खटाटोप या चमत्कारिक परिस्थितीचा उलगडा करण्यासाठी आहे. तो उलगडा पूर्णपणे पटण्याजोगा आहे असे मला वाटत नाही, परंतु अडचण त्याच्याइतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता माझा अनुभव सांगतो. पंचविशीत मी गाणे शिकायला जाऊ लागलो, तेव्हा पहिले काही महिने तंबोरा म्हणजे माझ्या लेखी मागे चालणारी गुणगुण होती. एका संध्याकाळी बाईंनी मला तंबोऱ्यापाशी बसवले. पंचम, जोडीच्या दोन तारा आणि शेवटी खरज, म्हणजे खालच्या ‘सा’ची तार, अशा क्रमाने त्या सावकाश छेडत राहिल्या. खरजाच्या तारेखालचे सूत त्यांनी घोडीवर केसभर मागेपुढे सरकवले, खालचा मणी किंचित हलवला आणि म्हणाल्या, “खरज वाजली की ती तार सोडून द्या. तिच्या मागून काय वर येतंय ते ऐका.” मला काही ऐकू आले नाही. मग त्यांनी गंधार, म्हणजे सारेगमधला ‘ग’, अगदी हलक्या आवाजात गुणगुणला आणि गाता गाता थांबल्या. त्या थांबल्या तरी गंधार थांबला नाही. तो तंबोऱ्यातूनच येत होता. चारांपैकी एकही तार गंधारात लावलेली नव्हती. ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हा, मूळ खरजाच्या पाचपट कंपनसंख्येचा स्वर. त्या दिवसानंतर तो ऐकू न येणे मला जमलेले नाही.

बाईंनी मला काही पटवून दिले नव्हते. ‘तंबोरा सुंदर असतो, कारण अमुक’ असा युक्तिवाद केला असता तर मी मान डोलावली असती आणि गुणगुणच ऐकत राहिलो असतो. त्यांनी माझा कान धरून जागेवर नेला. सौंदर्याविषयीचा वाद चांगला चालतो तेव्हा असाच चालतो, आणि म्हणून तो न्यायालयापेक्षा तालमीच्या अधिक जवळचा आहे. ‘इथे पाहा’, ‘ही जागा पुन्हा ऐका’, ‘तो रंग शेजारच्या रंगामुळे तसा दिसतो’ ही त्यातली खरी वाक्ये असतात.

यावर कोणी म्हणेल की गंधार ही भौतिक वस्तुस्थिती आहे, तो यंत्रानेही दाखवता येतो, सौंदर्याचे काय? आक्षेप रास्त आहे आणि तो डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञालाही लागू पडतो. ह्यूमने 1757 मधल्या अभिरुचीच्या निकषांवरील निबंधात ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीतला एक किस्सा घेतला आहे. दोन जाणकारांना पिंपातली वाइन चाखायला देतात. दोघेही ती चांगली आहे म्हणतात, पण एकाला तिच्यात किंचित चामड्याची चव लागते तर दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामडी वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. सूक्ष्म संवेदना, सराव, तुलना, पूर्वग्रहापासून मुक्ती आणि समंजस बुद्धी असलेल्या पारख्यांचा एकत्रित कौल हाच अभिरुचीचा निकष, असे ह्यूमचे म्हणणे. काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे तो सहृदय, असे त्याच्या कित्येक शतके आधी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने म्हटले होते. दोघांनाही तयारी लागते. पण सौंदर्याच्या पिंपाच्या तळाशी किल्ली नसते. चामड्याची चव आहे हे सिद्ध झाले, तरी वाइन त्यामुळे बिघडली की नाही हे पुन्हा जिभेलाच ठरवावे लागते. गंधार ऐकू येणे ही पूर्वअट झाली. तो ऐकून जे भरून येते, त्याची सक्ती कोणावर करता येत नाही.

काहींनी नियम शोधून पाहिले. कवी बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली. त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ला 1956 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही तत्त्वे पाहण्याची साधने म्हणून मोलाची आहेत, पुरावा म्हणून निरुपयोगी. एखाद्या भिकार चित्रातही संवाद, विरोध आणि समतोल दाखवून देता येतात, आणि चित्र भिकारच राहते.

सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या ग्रंथात हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. सौंदर्याची संकल्पनाच द्विध्रुवात्मक आहे, असे ते म्हणतात. एका टोकाला कलेला जीवनापासून स्वायत्त मानणारा अलौकिकतावाद, दुसऱ्या टोकाला तिला जीवनव्यवहाराचाच भाग मानणारा लौकिकतावाद. रांगोळीची नक्षी पाहताना आपण पहिल्या टोकाजवळ असतो, कादंबरी वाचताना बव्हंशी दुसऱ्या. घराघरांतले पुष्कळसे वाद यामुळेच सुटत नाहीत, असा माझा कयास आहे. आपण स्वरांच्या बांधणीविषयी बोलत असता आणि मेहुणे ‘यातून मला काय सांगितले जाते आहे?’ असे विचारत असतात. मतभेद असण्यासाठीसुद्धा आधी विषय एक असावा लागतो.

एक आक्षेप याहून गंभीर आहे. ‘नीट पाहणे’ कोणी ठरवायचे? ज्यांच्याकडे सवड, शिक्षण आणि प्रतिष्ठा होती, त्यांच्याच सवयींना अभिरुची म्हटले गेले, हे फ्रान्सच्या बाबतीत समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिअ यांनी 1979 मध्ये सविस्तर दाखवले. आपल्याकडे शरणकुमार लिंबाळे यांनी दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी करताना, आनंदाला केंद्रस्थानी ठेवणारे निकष वेदनेच्या आणि विद्रोहाच्या साहित्याला लावणेच नाकारले. मला हा आक्षेप मान्य आहे. ‘जाणकार’ हा शब्द उच्चारताना जरा चाचरायला हवे. पण त्यातून ‘ज्याची त्याची आवड’ हा निष्कर्ष मात्र निघत नाही, उलट त्याच्या नेमके विरुद्ध काही निघते. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह 1972 मध्ये आला तेव्हा त्यातले अनेक शब्दच पांढरपेशा वाचकाला परके होते. त्या वाचकाने ‘मला नाही आवडले’ म्हणून पुस्तक मिटले असते, तर त्याला कोणी काही म्हणू शकले नसते. ‘ही कविताच नव्हे’ असे तो म्हणाला, की मात्र त्याला ‘तुम्हाला ती वाचता येत नाही’ असे सुनावता येते. ज्याची त्याची आवड एवढेच खरे मानले, तर हे सुनावण्याचा हक्कच राहत नाही.

तेव्हा मेहुण्यांना कधीतरी तंबोऱ्याशेजारी बसवून पाहा, आणि ते जे ऐकतात त्यातली एखादी जागा त्यांनाही तुम्हाला दाखवू द्या. मीही सगळीकडे पोहोचलो आहे असे नाही. अतिविलंबित ख्यालात एकतालाचे एक आवर्तन मिनिटभर चालते, तिथे समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहता पाहता माझे लक्ष अजूनही खिडकीबाहेर जाते. बाईंना मी हे अनेकदा सांगितले आहे. ‘हे मला आवडत नाही’ असे मी त्यांना म्हणतो. ‘हे सुंदर नाही’ असे म्हणायला इतक्या वर्षांत जीभ रेटलेली नाही.