यादवी संपल्यावर आधी काय: रस्ते की बियाणं?

तुमचा प्रश्न असा आहे की एखाद्या देशातली यादवी संपली, तर गरिबी कमी करायला आणि अर्थव्यवस्था उभी करायला सुरुवात कुठून करायची? रस्ते, वीज, कारखाने आधी, की लोकांच्या हातात थेट मदत?

मी अर्थतज्ज्ञ नाही. अमळनेर तालुक्यात शेती करतो, आणि त्याआधी वीस-बावीस वर्षं पीककर्जाच्या टेबलावर काढली. त्यामुळे मला हिशेब हंगामातच सुचतो. माझं उत्तर: शांतता झाल्यानंतरची पहिली पेरणी हुकू देऊ नका. बाकीचं तिच्या मागून.

लढाई थांबते तेव्हा गावात काय उरलेलं असतं ते बघा. बैल कापून खाल्लेले किंवा पळवलेले. विहीर बुजलेली. कणगी रिकामी, कारण बियाण्याची म्हणून ठेवलेली दादर ज्वारी पोरांच्या भाकरीत गेली. आणि पारावर बसलेला पंचविशीचा मुलगा, ज्याच्या हातात दहा वर्षं बंदुकीशिवाय दुसरं अवजार आलेलं नाही. पाऊस पडून पीक येईपर्यंत हा काय खाणार? महामार्गाचा उपयोग त्याला होईल, पण तीन-चार वर्षांनी. बंदूक आजच भाकरी मिळवून देते.

मोझांबिकमध्ये हे नीट ओळखलं गेलं. १९७७ ते १९९२ यादवी चालली, ऑक्टोबर १९९२ मध्ये रोमला करार झाला. दोन्ही बाजूंचे मिळून नव्वद हजारांच्या आसपास सैनिक घरी पाठवायचे होते. त्यांना साधारण दोन वर्षं पैसे दिले गेले, पण एकरकमी नाही, हप्त्याहप्त्यानं आणि ते जिथे राहायला गेले त्या जिल्ह्यातल्या बँकेतून. म्हणजे पैसे हवे तर गावाकडे जाऊन राहा. टेबलावर बसलेल्या माणसाला यातली खुबी लगेच कळते. एकरकमी पैसा हाती आला की तो पहिल्या बाजाराच्या दिवशीच संपतो.

पण त्याच देशात उलटा धडाही मिळतो. तिथे काजू भरपूर. काजू सोलायचे कारखाने होते, हजारो मजूर होते, त्यात बायका पुष्कळ. नव्वदीच्या दशकात जागतिक बँकेच्या दबावाखाली कच्च्या काजूवरचा निर्यात कर कमी करायला लावला. कच्चा माल बोटीत बसून कुठे गेला? आपल्याकडे, भारतात. तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतील असं सांगितलं होतं; त्यातलं त्याच्या पदरात फारसं पडलं नाही, मधल्या व्यापाऱ्यानंच बरंचसं ओढलं. कपाशीवाल्या आपल्या भागात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

आता आपला खानदेश. १८०२ च्या सुमारास होळकरांच्या फौजांनी केलेली नासधूस, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजांकडे गेला तेव्हा गावंच्या गावं ओस होती आणि सातपुड्यात, सातमाळ्यात भिल्ल उठलेले होते. नुसत्या फौजा पाठवून काही वर्षं भागलं नाही. मग १८२५ मध्ये आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. ज्यांच्याशी लढत होते त्यांनाच पगारावर घेतलं. सोबत भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांसाठी वेगळी सरकारी कचेरी, काढून जमीन, बैल, बी आणि तगाई, म्हणजे शेतीसाठी सरकारी उचल, दिली. साहेबाला दया आली म्हणून नव्हे, सारा वसूल व्हायला जमीन पिकावी लागते म्हणून. आणि मी याला यशोगाथाही म्हणणार नाही. १८५२ मध्ये सरकारनं जमीन मोजायला घेतली तेव्हा सावदा-यावलकडचे शेतकरीच बिथरले, कारण मोजणी म्हणजे वाढीव सारा हे त्यांनी गृहीत धरलं होतं. सेंधव्याच्या घाटावर राखणीला असलेले खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांवरच उलटले, आणि एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीची लढाई झाली. पगारानं माणूस शांत राहतो, मिंधा होत नाही. आम्हा खानदेशींना याचा अभिमान आहे, तो जरा बाजूला ठेवून सांगतोय.

जमिनीचा कागद मात्र विश्वासानं दिला तर चमत्कार करतो. व्हिएतनामचं युद्ध १९७५ ला संपलं, पण पुढची दहा-बारा वर्षं सामुदायिक शेतीच्या हट्टात गेली आणि भाताचा तुटवडा राहिला. १९८८ मध्ये जमीन कसायला कुटुंबांच्या ताब्यात दिली, १९८९ पासून तोच देश तांदूळ निर्यात करू लागला. १९९३ मध्ये ५८ टक्के लोक गरीब होते, २००२ मध्ये २९ टक्के.

रवांडाचं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं. १९९४ मध्ये शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, तीही बरीचशी शेजाऱ्यांकडून. २००६ मध्ये तिथे गिरिंका नावाची योजना आली: गरीब कुटुंबाला एक गाय, आणि तिची पहिली कालवड दुसऱ्या गरीब घराला द्यायची. आपल्याकडे वाट्यानं शेळी देतात तसंच, फक्त वाटा मालकाकडे परत न जाता पुढे सरकतो. माझ्या आईनं अशीच एक शेळी आणली होती. करड मोठं झालं की वाटणी करायला दोन्ही घरच्या बायका ओट्यावर बसायच्या; तासभर घासाघीस, मग चहा. वर्षभर भाऊबंदकीत अबोला असला तरी शेळीच्या निमित्तानं बोलावंच लागायचं. दूध आणि शेणखत तर आहेच, पण रवांडासारख्या ठिकाणी हे बोलणं सुरू होणं किती महाग असेल याचा अंदाज करा. तिथे सरकारी आकड्यांप्रमाणे गरिबी २००५-०६ मधल्या ५७ टक्क्यांवरून २०१०-११ मध्ये ४५ टक्क्यांवर आली. नंतरच्या आकड्यांवर वाद आहेत, आणि तिथलं सरकार विरोधक खपवून घेत नाही, हेही खरं.

मदतीऐवजी नुसतं कर्ज दिलं तर काय होतं ते श्रीलंकेच्या उत्तरेत दिसलं. मे २००९ मध्ये युद्ध संपलं. जाफन्याचा रस्ता गुळगुळीत झाला, रेल्वे परत सुरू झाली, आणि त्याच रस्त्यानं छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्या आल्या. नवरा युद्धात गेलेल्या बायकांनी एक फेडायला दुसरं घेतलं. २०१८ मध्ये सरकारला दुष्काळी जिल्ह्यांतल्या बायकांची अशी काही कर्जं माफ करावी लागली. हे मी गल्लीत पाहिलंय. आमच्या वहिनींच्या दहा जणींच्या गटातल्या एकीचा नवरा वारला, तर वसुलीचा मुलगा तेराव्याच्या आधीच येऊन दिवे लागेपर्यंत ओट्यावर बसून राहिला. शेवटी बाकी नऊ जणींनी वर्गणी काढून हप्ता भरला. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशा खूप आहेत.

मग रस्ते नकोत का? हवेत, पण त्याच लोकांच्या हातानं, रोजावर. १९७२ च्या दुष्काळात आमचे आबा खडी फोडायला जात. आठवड्याला मस्टरवर अंगठा, हातात मजुरी, आणि पोरांसाठी सुकडी. त्या कामांतूनच आपली रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. साहेब येऊन नव्या सडकेचं कौतुक सांगू लागला की आबा म्हणत, "बीनं बोला साहेब, सडकनं मंग देखसूत." म्हणजे बियाण्याचं बोला, सडकेचं मग बघू.

तुम्ही कोणत्या देशाबद्दल विचारताय ते लिहिलेलं नाही. तिथे पेरणीचा पाऊस कोणत्या महिन्यात पडतो आणि करार कोणत्या महिन्यात झाला, एवढं कळवा. म्हणजे हातात किती आठवडे आहेत ते मोजून पुढचं लिहितो.