जळगावची फिजिओ, जर्मनीची खुर्ची

ताई,

तुमच्या मिस्टरांना स्टुटगार्टची ऑफर आली आहे. मुलगा पाच वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, चारही हातपाय ताठ, अजून आधाराशिवाय बसत नाही. तिकडे नेलं तर चालायला लागेल का, उपचार फुकट होतात का, अमळनेरहून काय काय आणावं, असं तुम्ही विचारलंय. मी चोपड्याचा. आमची मुलगी चार वर्षांची असताना इथे आलो, आता ती दहाची आहे.

चालण्याचं आधी सांगतो. निघताना आमची माय म्हणाली होती, "जर्मनीमा जा, बठ्ठं बेस व्हई." सगळं बरं होईल, तसं होत नाही. देश बदलला म्हणून मेंदूची इजा बदलत नाही. डॉक्टरांना मुलाची जीएमएफसीएस पातळी, म्हणजे हालचाल किती जमते त्याची श्रेणी, विचारा. एक ते पाच अशा पातळ्या असतात, आणि बसणं-उभं राहणं-चालणं यातली स्वतःला शक्य असलेली 90 टक्के क्षमता बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतच गाठतात. हे ऐकून मी दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो. पण मग कशासाठी यायचं ते नीट ठरवता आलं.

थेरपीसाठी येऊ नका. चोपड्याला फिजिओ आठवड्यातून पाच दिवस घरी यायचे. इथे बालरोगतज्ज्ञ चिठ्ठी देतात, आठवड्याला दोनदा जायचं, एक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची. बाकी सगळं आईबापांनी. पहिल्याच दिवशी थेरपिस्टने विचारलं, "घरी तुम्हाला सगळ्यात जड काय जातं?" बायको म्हणाली, चड्डी घालणं. मग तीन आठवडे तेच शिकवलं, पाय कसा वाकवून मग मोकळा करायचा ते. मला तेव्हा राग आला होता, आता येत नाही.

फरक पडतो तो खुर्चीत. गावी आमच्याकडे प्लास्टिकची खुर्ची, दोन्ही बाजूंना उशा आणि पोटाला ओढणी. नंतर एका शिबिरात व्हीलचेअर मिळाली, तिच्यात मोठं माणूस मावलं असतं. पोर एका कुशीवर कलंडून पडायची. इथे झानिटेट्सहाउसचा माणूस टेप घेऊन घरी आला. झानिटेट्सहाउस म्हणजे अशा साधनांचं दुकान. त्याने कंबरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं. कंबर नीट धरली की पाठ सावरते, पाठ सावरली की मान, आणि मग हात मोकळे होतात. नवीन सीटवर बसल्यावर तिसऱ्या आठवड्यात पोरीने चमचा स्वतः तोंडापर्यंत नेला. केळं कुस्करून दिलं होतं. आपल्याकडचं नव्हतं, पण तिला काय त्याचं.

याचे पैसे क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विमा, देतो. म्हणून ऑफरवर सही करण्याआधी मिस्टरांना एकच गोष्ट सांगा: विमा सरकारी पद्धतीचाच घ्यायचा. पगार ठरावीक रेषेच्या वर असला (2025 मध्ये ती वर्षाला 73,800 युरो होती) की खासगी विम्याची मुभा मिळते, आणि एजंट हप्ता कमी दाखवून गळाला लावतात. खासगीत प्रत्येकाची वेगळी पॉलिसी, प्रत्येकाच्या तब्येतीची विचारपूस. तुमच्या मुलाचं तिथे काय होईल ते सांगायला नको. सरकारीत नोकरी न करणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, आणि अठराच्या आतल्या मुलाच्या थेरपीला, साधनांना वरचे पैसे लागत नाहीत. एकदा खासगीत गेलं की परतणं अवघड.

पण अर्ज केला आणि खुर्ची आली असं नाही. कायद्याने विम्याने तीन आठवड्यांत, तज्ज्ञांचं मत मागवलं तर पाच आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. आमचा स्टँडरचा, म्हणजे आधाराने उभं करायच्या साधनाचा, पहिला अर्ज नाकारला. विडरश्प्रूख, म्हणजे हरकत, एका महिन्यात द्यायची असते. थेरपिस्टने पानभर कारणं लिहून दिली, उभं राहिल्याने खुब्याच्या सांध्यावर आणि हाडांवर काय फरक पडतो ते. मंजूर झाला. खुर्चीला मात्र मोजमापापासून सात महिने लागले. म्हणून जुन्या एएफओ (पायाला लावायचे आधार), जुनी खुर्ची, ओढणीसकट सगळं घेऊन या. साधन विम्याच्या मालकीचं असू शकतं, परत द्यावं लागतं, हेही माहीत असू द्या.

पफ्लेगेग्राड, म्हणजे सांभाळाची किती गरज आहे त्याची श्रेणी, मिळाला की घरी सांभाळ करण्याचे दरमहा पैसे मिळतात, पण त्याआधी आईबापांपैकी कुणाचा तरी दोन वर्षांचा विमा हवा. पहिली दोन वर्षं हे धरू नका.

तुमचे मेलबर्नचे दीर तिकडे या म्हणतात, पण तिथलं गणित वेगळं आहे. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा देताना आजाराचा अंदाजे खर्च मोजतात, जुलै 2024 मध्ये त्याची मर्यादा 86,000 डॉलर होती, आणि तिकडची अपंगांची योजना एनडीआयएस तात्पुरत्या व्हिसावाल्यांना मिळत नाही.

निघण्याआधी जळगाव किंवा धुळ्यात खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. बसता न येणाऱ्या मुलांत तो सांधा हळूहळू सरकू शकतो, आणि इथे पहिली अपॉइंटमेंट मिळेपर्यंत महिने जातात. एमआरआयची सीडी, जन्माच्या वेळचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर ठेवा. आपल्याकडचं अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड इथे चालत नाही, इथलं वेगळं काढावं लागतं. गोवरच्या दोन डोसांची नोंद मात्र हवीच, त्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत.

भाषेची भीती बाळगू नका. घरी अहिराणी बोला, थेरपिस्टच सांगतात. आमची पोर बोलत नाही, तिच्या बोलायच्या मशीनमध्ये जर्मन शब्द आहेत. आजीचा व्हिडिओ कॉल आला की मशीन बाजूला सारते आणि डोळ्यांनीच हो-नाही सांगते.

जातं ते माणूसबळ. श्रावणात कानबाई देवी बसली की आमच्या गल्लीत पोर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायची, दिवसभर खाली टेकत नसे. इथे तिला मीच उचलतो, सव्वीस किलो. गेल्या वर्षी कंबर धरली तेव्हा कुठे लिफ्टरचा अर्ज केला. तुम्ही पहिल्याच वर्षी करा.

विमानात खुर्ची देताना चारी बाजूंनी फोटो काढा, निघणारे भाग काढून हातात घ्या, आणि सीटची उशी केबिनमध्येच न्या. आमची उशी मुंबईहून येताना हरवली होती.