डेन्सिटीचं वर्गमूळ आलं कुठून?

प्रश्न: एमटेकच्या प्रोजेक्टसाठी वन-डी ऑयलर सॉल्व्हर (घर्षण न धरता गॅसचा प्रवाह सोडवणारा कोड) लिहितेय, रो स्कीम वापरून, म्हणजे शेजारच्या दोन सेलच्या सरासरीवरून फेसवरचा फ्लक्स (तिथून वाहणारं मास, मोमेंटम, एनर्जी) काढायची पद्धत. दोन सेलच्या मधल्या फेसवर वेग आणि एकूण एन्थाल्पीची (दर एकक मासची एनर्जी अधिक प्रेशर भागिले डेन्सिटी) साधी सरासरी घेतली तरी कोड चालतो, ग्राफही बरे येतात. मग डेन्सिटीच्या वर्गमूळाचं वजन लावायचंच कशाला?

उत्तर: ग्राफ बरे येतात कारण बहुतेक ठिकाणी शेजारच्या सेलमध्ये फरकच इतका कमी असतो की कुठलीही सरासरी घ्या, फारसं बिघडत नाही, खरी परीक्षा शॉकवर होते, म्हणजे प्रेशर-डेन्सिटी एकदम उडी मारतात तिथे. फिलिप रो यांनी १९८१ मध्ये अट घातली ती कडक आहे: सरासरीवरून काढलेल्या जेकोबियनने (फ्लक्सच्या डेरिव्हेटिव्हच्या मॅट्रिक्सने) दोन सेलमधल्या मास, मोमेंटम, एनर्जीच्या फरकाला गुणलं की फ्लक्सचा फरक तंतोतंत यायला हवा. तसं झालं तरच फेसवरच्या एकट्या शॉकचा वेग सॉल्व्हरला बरोबर कळतो. तुमची साधी सरासरी इथे नापास होते.

आता वर्गमूळ, आणि मला हा भाग फार सुंदर वाटतो. डेन्सिटीचं वर्गमूळ, वर्गमूळ गुणिले वेग, वर्गमूळ गुणिले एन्थाल्पी असे तीन नवे व्हेरिएबल घ्या, मग आयडियल गॅससाठी मास, मोमेंटम, एनर्जी आणि त्यांचे फ्लक्स सगळे या तिघांच्या दोन-दोनच्या गुणाकारांतून लिहिता येतात, आणि गुणाकारातला फरक साध्या सरासरीने अचूक निघतो, मागे काही उरत नाही. म्हणजे रो पण साधी सरासरीच घेतात, फक्त योग्य व्हेरिएबलची! त्यातून वेग परत काढताना वजनं आपोआप येतात.

सॉडची शॉक ट्यूब (मधला पडदा काढला की दोन बाजूंचे वेगळ्या प्रेशरचे गॅस भिडतात, ती नेहमीची टेस्ट केस) घ्या, गॅमा (स्पेसिफिक हीटचं गुणोत्तर) १.४. डावीकडे डेन्सिटी १, प्रेशर १, उजवीकडे ०.१२५ आणि ०.१, गॅस दोन्हीकडे स्थिर. एन्थाल्पी ३.५ आणि २.८. साधी सरासरी ३.१५, रोची साधारण ३.३२. ध्वनीच्या वेगाची वेगळी सरासरी मात्र काढू नका, तो याच सरासरी एन्थाल्पी आणि वेगातून काढायचा, इथे १.१५ येतो.

कोडमध्ये एक चेक टाकाच: कुठल्याही दोन स्टेट घेऊन जेकोबियन गुणिले फरक आणि फ्लक्सचा फरक जुळतात का बघा, राउंड-ऑफपर्यंत जुळलेच पाहिजेत.

आणि एन्ट्रॉपी फिक्स (एक्सपान्शनमध्ये, म्हणजे गॅस पसरत जाणाऱ्या लाटेत, खोटा शॉक येऊ न देणारी दुरुस्ती) विसरू नका, हार्टेनचा चालेल. सॉडच्या मूळ केसमध्ये त्याची गरज कळणारच नाही कारण तिथलं एक्सपान्शन सोनिक होत नाही, म्हणजे त्यात गॅसचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत पोचत नाही; डाव्या गॅसला ०.७५ वेग देऊन चालवा, फिक्स नसेल तर एक्सपान्शनच्या मधोमध खोटा शॉक दिसेल.